फिनिक्सचं डाउनटाउन कुठे संपतं?

अ‍ॅरिझोना राज्याच्या राजधानीत, वाळवंटातल्या फिनिक्समध्ये, नवखा माणूस पत्त्यात हमखास फसतो. सेंट्रल अव्हेन्यूच्या पूर्वेला सेव्हन्थ स्ट्रीट, पश्चिमेला सेव्हन्थ अव्हेन्यू. मधे मैलभर अंतर. उन्हाळ्यात ही चूक पायी निस्तरायच्या भानगडीत पडू नये. 2023 मध्ये सलग 31 दिवस दुपारचा पारा 43 अंश सेल्सिअसच्या पुढे होता.

या दोन रस्त्यांच्या दरम्यान 1870 साली अर्ध्या चौरस मैलाचं गावठाण आखलं गेलं. डाउनटाउनच्या पूर्व-पश्चिम हद्दी बहुतेक जण आजही त्याच धरतात. दक्षिणेला रेल्वेचे रूळ आडवे आले, आणि ती हद्द माणसांनाही लागू झाली. भेदभावाच्या काळात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कुटुंबांची वस्ती मुख्यतः रुळांपलीकडे. कृष्णवर्णीय मुलांसाठी 1926 साली बांधलेलं वेगळं हायस्कूलही तिकडेच. 1954 मध्ये ते बंद पडलं, आता तिथे संग्रहालय आहे.

खरा घोळ उत्तरेला. 1950 साली हे शहर 17 चौरस मैलांचं, लोकसंख्या लाखाच्या जरा वर. मग हद्दवाढीचा सपाटा सुरू झाला. आज क्षेत्रफळ पाचशे चौरस मैलांहून जास्त, वस्ती सोळा लाखांवर. एवढ्या पसाऱ्याला मधोमध राहायची गरज उरली नाही. 1957 मध्ये एका डेअरीच्या जागेवर, डाउनटाउनच्या बाहेर उत्तरेला, पार्क सेंट्रल मॉल उघडला. मोठी दुकानं तिकडे गेली, पाठोपाठ सेंट्रल अव्हेन्यूवर ऑफिसांचे टॉवर उठले. त्यामुळे उंच इमारतींचे दोन पुंजके झाले. मॅकडॉवेल रोडपाशी डाउनटाउन संपतं, असं सर्वसाधारण मानतात. पण त्याच्या उत्तरेचे टॉवर पाहणाऱ्याला ते पटत नाही.

गावठाणातल्या इमारतींची उंची मात्र वेगळ्याच कारणाने अडली. विमानतळ इतका जवळ, की विमानांच्या वाटेखाली उंचीवर मर्यादा घालावी लागली. 1972 चा 40 मजली टॉवर अनेक दशकं शहरात सर्वात उंच राहिला.

डाउनटाउनसाठी 2010 मध्ये स्वतंत्र झोनिंग नियमावली आली. रूझवेल्ट नावाचा कलावंतांचा भाग, रुळांलगतची गोदामं, मधला व्यापारी गाभा, प्रत्येकाला निराळे नियम. इमारतीत काय चालेल याइतकंच ती रस्त्याला कशी सामोरी जाते, हेही त्यात पाहिलं जातं. पदपथावर सावली हवी, हे कलम मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

पण नियम कडक करणं इथे महागात पडतं. 2006 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यानुसार, जमीनवापराच्या नव्या नियमाने मालमत्तेची किंमत घटली तर मालक भरपाई मागू शकतो. साहजिकच नगरपालिका बांधकामाचे हक्क वाढवते मोकळ्या हाताने, कमी करताना मालकाकडून आधी हक्क सोडल्याची सही घेऊ पाहते.

आता हद्दीच्या प्रश्नाला धार आली आहे. राज्याच्या 2024 च्या कायद्याने पाऊण लाखावर लोकसंख्येच्या शहरांना बंधन घातलं: मध्यवर्ती व्यापारी भागापासून मैलभराच्या आत, जिथे प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर चालायचं, तिथे चार घरांपर्यंतची इमारत होऊ द्यायची. मुदत 1 जानेवारी 2026. मैल मोजायचा तो व्यापारी भागाच्या रेषेपासून. ही रेषा मॅकडॉवेलपाशी धरली, तर विलो, एन्कांटो-पामक्रॉफ्ट या जुन्या बैठ्या घरांच्या देखण्या वस्त्या त्या मैलात सापडतात; त्या मॅकडॉवेलला लागूनच, उत्तरेला आहेत.