थंडीचा प्रवास आणि इंजिनाचे तेल

पेडणे तालुक्यातील तुये गावी बसून थंडीतील मोटारप्रवासाचा विचार करणे अनेकांस थट्टेचे वाटेल. समुद्र जवळ, हवा दमट, आणि पौष-माघातल्या पहाटेही एखादी शाल अंगास पुरते. तथापि त्याच पहाटे खोबरेल बाटलीत थिजलेले असते, आणि शेजारचे तिळाचे तेल मात्र सहज ओघळते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हवा एकच, तेलांचे स्वभाव निराळे. इंजिनाचे तेल निवडताना हीच घरगुती गोष्ट ध्यानी धरावयाची आहे.

आपल्या व्यापारी बंधूंच्या गाड्या केवळ पेडणे-म्हापशापुरत्या फिरत नाहीत. बेळगावच्या पेठेसाठी कोणी सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढतो, कोणी डिचोली-साखळीकडून चोर्ल्याचा. कुटुंबे देलवाड्याच्या दर्शनास अबूच्या पहाडावर जातात, आणि तरुण मंडळी तर लडाखपर्यंत मजल मारतात. अशा वेळी दुकानात प्रश्न येतो, ‘शेठ, थंडीत कोणते तेल चालेल?’ त्याचे उत्तर सचोटीने देता यावे, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

गाडी रात्रभर उभी राहिली की तेल खाली चेंबरमध्ये उतरते. सकाळी चावी फिरविताच पंपाने ते वर खेचून बेअरिंगांपर्यंत पोहोचवावे लागते. तेल दाट असेल तर त्यास विलंब लागतो आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. धावत्या इंजिनात तेल सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. तुयेची २० अंशांची पहाटदेखील त्या मानाने थंडच होय, व तेव्हा तेच तेल कित्येक पट दाट असते. म्हणून सकाळी गाडी सुरू करताच जोराने दामटू नये. काही क्षण थांबून पहिले एक-दोन मैल सावकाश न्यावी.

डब्यावरील ‘२०डब्ल्यू-४०’ या अक्षरांचा अर्थ आता सोपा होईल. ‘डब्ल्यू’ म्हणजे इंग्रजीतील हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील स्वभाव सांगतो, नंतरचा आकडा तापल्यावरचा दाटपणा. आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक वाहते. अमेरिकेतील एसएई संस्थेच्या मापनपद्धतीनुसार इंजिन फिरविण्याच्या कसोटीसाठी २०डब्ल्यू तेल उणे १५ अंशांवर पारखतात, १५डब्ल्यू उणे २०, १०डब्ल्यू उणे २५, ५डब्ल्यू उणे ३०, आणि ०डब्ल्यू उणे ३५ अंशांवर.

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. आंबोली व चोर्ला यांच्यासाठी निराळे तेल घेण्याचे कारण नाही. अबूवर पारा क्वचित शून्याखाली उतरतो, तरी तेथेही प्रचलित तेल अडून बसत नाही. परंतु ऐन हिवाळ्यात लेह किंवा द्रास येथे जाणाऱ्यास ५डब्ल्यू वा ०डब्ल्यू हवे, अर्थात गाडीच्या पुस्तिकेत त्याची मुभा असेल तर. शिवाय तेथे बॅटरी दुबळी पडते आणि साधे डिझेलही थिजते. त्यासाठीच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखकरिता उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. सारांश, तेल जेथे विकत घेतो तेथल्या हवेवरून नव्हे, तर गाडी जेथे रात्रभर उभी राहून सकाळी सुरू व्हावयाची आहे तेथल्या हवेवरून निवडावे.

दुसरा आकडा मात्र आपल्या मर्जीने बदलू नये. ‘उष्ण प्रदेश, तेव्हा दाट तेल बरे’ हा समज जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. पुष्कळ नव्या पेट्रोल गाड्या पातळ तेलासाठीच घडविलेल्या असतात. त्यांत दाट तेल ओतल्यास इंधन अधिक जळते. एपीआयच्या दर्जाखुणेत ‘एस’ हे अक्षर पेट्रोल इंजिनासाठी व ‘सी’ डिझेलसाठी असते, तेही पाहावे.

येथे विक्रेत्याच्या धर्माचा प्रश्न येतो. घाटातल्या थंडीचे भय घालून महागडा डबा गळ्यात मारणे ही चतुराई नव्हे. अस्सल मालाच्या नावाखाली नकली माल देणे, म्हणजे ‘प्रतिरूपक व्यवहार’, हा आपल्या शास्त्रकारांनी अचौर्याणुव्रताचा अतिचार मानला आहे. जुन्या डब्यांत हलके तेल भरून विकणारे याहून निराळे काय करतात? म्हणून सील पाहून घ्यावे, पावती द्यावी, आणि रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात टाकावा.

काढलेल्या जळक्या तेलाचेही तसेच. ते गटारात वा जमिनीवर ओतल्यास मातीतील असंख्य जीवांचा घात होतो, आणि पावसाबरोबर ते ओहोळास व विहिरीस मिळते. २०१६ च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात मोडते. ते साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच द्यावे. अहिंसेचे व्रत देवळाच्या पायरीपाशी संपत नाही. ते गॅरेजच्या फरशीवरही पाळता येते.

गिऱ्हाइकास प्रथम दोन प्रश्न विचारावे: गाडीची पुस्तिका काय सांगते, आणि गाडी कोठे मुक्काम करणार? या दोन उत्तरांवरून जो डबा ठरेल, तोच पुढे करावा. मग तो स्वस्त असो वा महाग.