शनी एवढासाच का दिसतो?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दुर्बिणीपुढे रांग लागते आणि शनीपाशी नंबर लागलेल्या नवख्याच्या तोंडून दोन उद्गार हमखास निघतात. ‘अरे, खरंच कडी आहेत!’ हा पहिला. ‘पण एवढासाच?’ हा दुसरा. हा दुसरा उद्गार गणिताने तपासून पाहण्यासारखा आहे. एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातल्या एका भागाला विकला म्हणतात. शनी पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा त्याची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ४४ विकला भरतात. दुर्बीण ५० पट मोठं दाखवणारी असेल तर डोळ्यापर्यंत पोचतात २२०० विकला. नुसत्या डोळ्यांना दिसणारा पूर्ण चंद्र १८६० विकलांच्या आसपास असतो. म्हणजे ज्या शनीला पाहुणा ‘एवढासा’ म्हणतो, तो त्या क्षणी त्याला चंद्रापेक्षाही मोठा दिसत असतो. चंद्र मात्र कोणाला लहान वाटत नाही, हात ताठ करून धरलेल्या एका वाटाण्याआड तो अख्खा लपतो तरीही. काळ्या रिकाम्या वर्तुळात तुलनेला काहीच नसलं की आपला अंदाज असा फसतो, आणि वारंवार पाहत राहिलं की हळूहळू सुधारतोही. खगोल मंडळात नव्याने दाखल होणाऱ्यांचे बहुतेक गैरसमज एकाच समजुतीतून निघतात: दाखवण्याचं काम यंत्राचं, आपण फक्त डोळा लावायचा. मंडळ ही खरं तर नजरेची तालीम आहे, आणि पहिल्या दिवशी स्वतःचं मुद्गल घेऊन तालमीत कोणी जात नाही.

तरीही सगळ्यात आधी विचारला जातो तो प्रश्न ‘दुर्बीण कुठली घेऊ?’ हाच. सभासद व्हायला स्वतःची दुर्बीण लागते हा समज इतका पक्का आहे की कित्येक जण आधी खरेदी करतात आणि मग मंडळाचा पत्ता शोधतात. बाजारात मिळणाऱ्या ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठसठशीत छापलेलं असतं. आकडा खोटा नसतो, निरुपयोगी असतो. कोणत्याही दुर्बिणीचं कामाचं वर्धन तिच्या भिंगाच्या वा आरशाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाच्या साधारण दुप्पट असतं, त्यापुढे चित्र फक्त फुगतं आणि धुरकट होतं. ६० मिलिमीटरसाठी ही मर्यादा १२० पटीची. दुर्बिणीचं मुख्य काम प्रकाश गोळा करणं, आणि तो ठरतो व्यासाच्या वर्गावर. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली जेमतेम ७ मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरच्या साध्या बायनॉक्युलरचं एकेक भिंग तिच्या सुमारे ५० पट प्रकाश आत घेतं. त्यातून कृत्तिकांचा गुच्छ, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, गुरूचे चार चंद्र सहज दिसतात. शिवाय डगमगत्या तिपाईवरच्या दुर्बिणीत तारा शोधताना जो वैताग येतो, तो बायनॉक्युलरमध्ये येत नाही. माझं मत विचाराल तर पहिला हिवाळा मंडळाच्या दुर्बिणींवर काढावा. चार-पाच वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावल्यावर आपल्याला ग्रहांची ओढ आहे की अंधुक तेजोमेघांची, आपली गच्ची केवढी आणि आपल्याला किती वजन उचलवतं, हे कळतं. या प्रश्नांची उत्तरं दुकानदाराकडे नसतात. आणि खरेदी केलीच तर एक गोष्ट मात्र त्याच दिवशी टाकून द्यावी: स्वस्त दुर्बिणीबरोबर मिळणारी, आयपीसला फिरवून बसवायची काळी सौरकाच. एकवटलेल्या उन्हाने ती तडकू शकते, आणि मग डोळा जायला क्षणही लागत नाही.

दुसरा अपेक्षाभंग रंगांचा. मोबाइलवर गुलाबी-निळे तेजोमेघ पाहून आलेल्या माणसाला देवयानी दीर्घिका म्हणजे राखाडी धुराचा ठिपका दिसते आणि आपण फसवले गेलो असं त्याला वाटतं. फसवणूक कोणीच केलेली नसते. कॅमेरा मिनिटंच काय, तासन्‌तास प्रकाश साठवत बसतो, डोळ्याला तशी सोय नाही. शिवाय मंद प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळजवळ गप्प बसतात आणि काम उरतं ते रंगांधळ्या दंडपेशींकडे. या दंडपेशी पुरत्या जाग्या व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि कोणी एकदा मोबाइल उघडला की ती कमाई वाया जाते. म्हणून कार्यक्रमात टॉर्चला लाल जिलेटिन पेपर गुंडाळायला सांगतात. लाल प्रकाश दंडपेशींना फारसा जाणवत नाही. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच, त्यामुळे अंधुक वस्तूकडे थेट रोखून पाहिलं तर ती नाहीशी होते आणि किंचित बाजूला पाहिलं की उमटते. ही तिरकी नजर यायला दोन-तीन रात्री लागतात. एकदा आली की त्याच धुराच्या ठिपक्याचा उजळ गाभा वेगळा दिसू लागतो, आणि तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघाला होता हे फोटोपेक्षा इथे जास्त पटतं. चष्मेवाल्यांना दुर्बीण चालत नाही, हीही अशीच एक भीती. नंबर फक्त जवळचा वा लांबचा असेल तर चष्मा काढून फोकस जुळवला की झालं. तिरपा नंबर असेल तर चष्म्यासकट पाहावं.

‘अमावास्येला कार्यक्रम?’ असं विचारताना अजूनही काही घरांत कपाळाला आठी पडते. अमावास्येला नवं काम करू नये हा संकेत जुना आहे, पण आकाश पाहणाऱ्यासाठी तीच रात्र सोन्याची. चंद्र नसला तरच अंधुक तारे आणि आकाशगंगेचा पट्टा दिसतो, म्हणून बहुतेक मंडळांचे कार्यक्रम अमावास्येजवळच्या शनिवारी असतात. याच्या उलट चंद्र पाहायचा तर पौर्णिमा उत्तम, असं वाटणारेही पुष्कळ. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या उरत नाहीत आणि विवरं सपाट दिसतात. शुक्ल अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर हीच विवरं खोल खळग्यांसारखी उठून दिसतात, आणि तेही भर शहरातून, पिवळ्या दिव्यांच्या छातीवर. शहरातून काहीच दिसत नाही हे म्हणणं त्यामुळे अर्धंच खरं. चंद्र, ग्रह, सप्तर्षीतली वसिष्ठ-अरुंधतीची जोडी, जोडतारे यांना प्रकाशप्रदूषणाचा फारसा उपद्रव होत नाही. दीर्घिकांसाठी मात्र गाव सोडावं लागतं. मुंबईतलं खगोल मंडळ, जे हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने १९८५ च्या सुमारास उभं राहिलं, रात्रभराच्या कार्यक्रमांसाठी लोकांना वांगणीला नेत आलं आहे ते याचसाठी.

मग तो चिवट घोटाळा, ज्योतिषाचा. मराठीत ‘ज्योतिष’ शब्दाने दोन घरं केली आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ सालचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ खगोलगणिताचा इतिहास आहे, आणि पुण्यात १९४४ साली स्थापन झालेल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचं नाव ज्योतिर्विद्या परिसंस्था. तिथे पत्रिका पाहून मिळत नाही. पण या घोटाळ्याला वैतागून परंपरेतलं सगळंच नक्षत्रज्ञान टाकून देणारे दुसऱ्या बाजूने चुकतात. सत्तावीस नक्षत्रं ही फलज्योतिषाच्या आधी चंद्राच्या वाटेवरच्या खुणा आहेत, आणि मराठी नवख्याला त्यांच्याइतका सोपा नकाशा दुसरा नाही. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास, मार्गशीर्षातला मृगशीर्षाच्या, चैत्रातला चित्रेच्या. महिन्यांची नावंच पत्ता सांगतात. इथे एक गंमत मात्र ध्यानात ठेवावी. ७-८ जूनला ‘मृग लागला’ म्हणतो तेव्हा मृग नक्षत्र आकाशात शोधून सापडत नाही, कारण त्या वेळी सूर्यच त्या नक्षत्रात असतो आणि मृग त्याच्याबरोबर दिवसा उगवतो, मावळतो. पावसाचा मृग आणि आकाशातला मृग यांची गाठ सहा महिन्यांनी पडते. डिसेंबरात तो संध्याकाळीच पूर्वेला उगवतो आणि रात्रभर सोबत करतो.

पुस्तकांबद्दलचा गैरसमज सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या अक्षांशांसाठी लिहिलेली मार्गदर्शकं आपल्याकडे जशीच्या तशी वाचली जातात. त्यांत वर्षातला उल्कावर्षावांचा राजा म्हणजे १२-१३ ऑगस्टचा ययाती, जेव्हा कोकण आणि घाट ढगांत बुडालेले असतात. आपला खरा उत्सव १३-१४ डिसेंबरचा मिथुन उल्कावर्षाव, कोरड्या स्वच्छ हवेतला. त्या पुस्तकांत ध्रुवतारा उंचावर असतो. पुण्यात तो क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंशांवर, म्हणजे एखाद्या इमारतीमागेही हरवू शकेल असा. याचा मोबदला दक्षिणेकडे मिळतो. लंडनहून कधीच न दिसणारा अगस्ती आपल्याकडे हिवाळ्यात सहज दिसतो, आणि एप्रिल-मेच्या रात्री दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर त्रिशंकू आणि नरतुरंगातला ओमेगा हा प्रचंड तारकागुच्छही. मंडळात जाण्याचं सर्वांत भक्कम कारण मला हेच वाटतं: तिथे आपल्या अक्षांशाचं, आपल्या पावसाळ्याचं आकाश तोंडपाठ असलेली माणसं भेटतात.

या सगळ्याला गणित आणि विज्ञानाची पदवी लागते का? राधागोविंद चंद्र यांचं उदाहरण इथे पुरेसं बोलकं आहे. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी, एंट्रन्स परीक्षेत तीनदा नापास, आणि १९१२ साली घेतलेली तीन इंची दुर्बीण. त्यांनी रूपविकारी ताऱ्यांची ३७ हजारांहून अधिक निरीक्षणं अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संस्थेला पाठवली, आणि त्या संस्थेने त्यांना सहा इंचीहून थोडी मोठी दुर्बीण पाठवली. तो काळ वेगळा होता, आता आकाशाची झाडाझडती घेणाऱ्या महाकाय दुर्बिणींपुढे हौशी माणसाला काय काम, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. पण याच काळात, ऑगस्ट २०१९ मध्ये, सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला ज्ञात धूमकेतू बोरिसोव्ह नावाच्या हौशी निरीक्षकाने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून शोधला. मृगातला काक्षी तारा २०१९-२० च्या हिवाळ्यात एकाएकी मंदावला, तेव्हा साध्या डोळ्यांनी नोंदी ठेवणाऱ्यांचं काम उपयोगी पडलं, कारण असे तेजस्वी तारे मोठ्या कॅमेऱ्यांना झेपत नाहीत, फोटोत ते जळून पांढरे पडतात. नव्या सभासदाने शोधाच्या आशेने यावं असं मी म्हणणार नाही. एका ताऱ्याचं तेज शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून वहीत लिहिण्याएवढं अंकगणित चौथीत येतं, एवढंच.

अ‍ॅपचं काय, हा आजचा आक्षेप. मोबाइल आकाशाकडे धरला की नाव उमटतं, मग मंडळ कशाला? कुठला ग्रह किती वाजता उगवेल हे आधी पाहून ठेवायला अ‍ॅप उत्तमच. पण लोखंडी सळयांच्या गच्चीवर त्याचं होकायंत्र भरकटतं, पांढरा पडदा डोळ्याचा अंधार मोडतो, आणि नाव कळलं की पाहणं संपतं. शेजारचा जाणता सभासद बोट दाखवून ‘हा नव्हे, त्याच्या डावीकडचा’ म्हणतो तेव्हा पाहणं सुरू होतं. महिन्यातून एकच कार्यक्रम असतो, एवढ्याने नजर कशी तयार होणार, हा प्रश्न मात्र रास्त आहे. उरलेल्या रात्री आपल्या गच्चीवर, पंधरा-वीस मिनिटं, वहीसह. तालमीबाहेरचा व्यायाम ज्याचा त्याने करायचा. रात्रीबेरात्री बाहेरगावी जाण्याबद्दल घरच्यांच्या, विशेषतः मुलींच्या घरच्यांच्या शंका असतात आणि त्या हसण्यावारी नेऊ नयेत. जबाबदार माणूस कोण, परतीची सोय काय, स्वच्छतागृह आहे का, हे आधी विचारून घ्यावं. या प्रश्नांना सरळ उत्तर न देणाऱ्या मंडळात जाण्याची घाई नको.

आणि शनीचं म्हणाल तर नव्या सभासदांची वेळ जरा चमत्कारिक आली आहे. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी धारेने आपल्या समोर आली आणि जवळजवळ दिसेनाशी झाली. दर पंधरा वर्षांनी हे होतं. आता ती वर्षागणिक उघडत जातील. २०३२ च्या डिसेंबरात शनी मृगाच्या परिसरात असेल, मध्यरात्री महाराष्ट्राच्या जवळजवळ डोक्यावर, कडी पुरेपूर उघडलेली आणि आकार तोच, ४४ विकलांच्या आसपास.