जुन्या घराची ‘जसे आहे तसे’ विक्री (ठाणे आणि कल्याण-डोंबिवली)

जुने घर, वाडा, बंगला किंवा चाळ कोणतीही दुरुस्ती न करता, आहे त्या अवस्थेत आणि कर्जाविना पूर्ण मोबदला देणाऱ्या खरेदीदारास विकणे याला ‘जसे आहे तसे’ विक्री असे म्हणतात. खरेदीखतात यासाठी ‘जसे आहे, जेथे आहे’ असा शब्दप्रयोग केला जातो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांत अशा व्यवहारात घराच्या बांधकामाला बहुधा नगण्य किंमत असते. मोल ठरते ते जमिनीचे, तिच्यावर मिळू शकणाऱ्या चटईक्षेत्राचे, आणि त्यातून वजा होते ते भाडेकरू व वारस यांच्या हक्कांचे.

‘रोखीचा खरेदीदार’ या शब्दाने अनेकदा गैरसमज होतो. त्याचा अर्थ बँकेच्या कर्जावर अवलंबून नसलेला खरेदीदार एवढाच आहे. नोटांच्या स्वरूपात पैसे देणारा असा नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम नोटांच्या स्वरूपात स्वीकारण्यास आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून मनाई आहे, आणि स्वीकारलेल्या रकमेइतका दंड घेणाऱ्यावर, म्हणजे विक्रेत्यावर, बसू शकतो.

पार्श्वभूमी

कल्याण हे उल्हास खाडीवरील प्राचीन बंदर. पेशवाईत ते सुभ्याचे ठिकाण होते. सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांच्याशी निगडित असलेला सुभेदार वाडा आज शाळेमुळे ओळखला जातो. पारनाका, टिळक चौक, गांधी चौक या जुन्या वस्तीत एकत्र कुटुंबांचे लाकडी वाडे उभे राहिले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आणि १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत रेल्वे आल्यावर ठाण्यातील चरई, खारकर आळी, नौपाडा या भागांत कौलारू घरे आणि चाळी वाढल्या. डोंबिवलीचा विस्तार मुख्यतः विसाव्या शतकातला. तेथे जुने घर म्हणजे वाडा नव्हे, तर रेल्वे स्थानकाच्या दोन्ही बाजूंना असलेला बैठा बंगला किंवा एकमजली चाळ.

यांतील भाड्याच्या घरांची आर्थिक घडी १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बदलली. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली. मात्र मूळ भाडेच तुटपुंजे असल्याने वाढीतून कौले शाकारण्याचा खर्चही निघत नाही. मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. तशी व्यवस्था ठाणे किंवा कल्याणात नाही. त्यामुळे मोडकळीस आलेल्या घराचा मालक बहुधा दुरुस्ती आणि विक्री यांतून विक्रीच निवडतो.

धोकादायक इमारतीची नोटीस

२८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्ली येथे आणि त्यानंतर आठवड्याभरात, ४ ऑगस्ट रोजी, ठाण्याच्या नौपाडा परिसरातील बी-केबिन येथे जुन्या इमारती कोसळून अनुक्रमे ९ आणि १२ जणांचा मृत्यू झाला. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण महानगरपालिका कायद्यानुसार बंधनकारक आहे. पावसाळ्यापूर्वी दोन्ही महानगरपालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. ‘सी-१’ वर्गातील इमारत रिकामी करून पाडावी लागते. ‘सी-२ए’ रिकामी करून दुरुस्त करता येते, ‘सी-२बी’ रिकामी न करता दुरुस्त होते आणि ‘सी-३’ला किरकोळ डागडुजी पुरते.

‘सी-१’ नोटीस लागलेले घर विकण्यास बंदी नाही. किंमत मात्र घसरते आणि घाई वाढते. नोटिशीसोबत येणारी जबाबदारी नव्या मालकाकडे जाते. ही नोटीस म्हणजे घर रिकामे मिळण्याची हमी नव्हे. इमारत पाडली गेली तरी केवळ त्यामुळे भाडेहक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शाह रतनशी खिमजी आणि सन्स प्रकरणात स्पष्ट केले आहे.

भाडेकरू आणि पागडी

विक्रीने भाडेकरू निघत नाही, त्याचा मालक बदलतो. पागडी घेऊन दिलेल्या जागांचे हस्तांतर १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५६ ने कायदेशीर ठरवले आहे. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयास तो हक्क मिळतो. दहा खोल्यांच्या चाळीतील नऊ खोल्या पागडीच्या असतील तर मालक प्रत्यक्षात एक खोली, जमिनीची मालकी आणि पुनर्विकासात भाडेकरूंना जागा देण्याचा भार एवढेच विकत असतो. खरेदीदाराचा देकार मालकाच्या अपेक्षेपेक्षा बराच कमी असण्याचे हे सर्वांत सामान्य कारण होय, आणि ते फसवणुकीचे लक्षण असेलच असे नाही. काही वेळा भाडेकरूच एकत्र येऊन मालकी विकत घेतात. बाहेरच्या गुंतवणूकदारापेक्षा त्यांना ती अधिक मोलाची असते, तरीही अनेक मालक त्यांना विचारतच नाहीत.

बँका अशा घरांना सहसा कर्ज देत नाहीत. मंजूर नकाशा किंवा भोगवटा प्रमाणपत्र उपलब्ध नसते, इमारतीचे उरलेले आयुष्य कर्जाच्या मुदतीहून कमी भरते. म्हणून खरेदीदार मुख्यतः विकासक किंवा गुंतवणूकदार असतात.

वारसांचे हक्क

जुन्या घराच्या व्यवहारात सर्वाधिक गुंतागुंत येथेच होते. मालमत्ता पत्रकावर आजोबांचे नाव आणि प्रत्यक्षात तिसऱ्या पिढीतील वारस, काही पुण्यात, काही परदेशात, हे चित्र वारंवार दिसते. हिंदू वारसा अधिनियमाच्या कलम २३ नुसार कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलगे तयार होईपर्यंत मुलीला मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या सुधारणेने हे कलम वगळले आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः सहदायिक केले. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, असे विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरवले. ‘बहिणींचा प्रश्न नाही’ हे आश्वासन त्यामुळे नोंदणीकृत हक्कसोडपत्राची जागा घेऊ शकत नाही.

सर्व वारस सहमत नसल्यास एखाद्याचा अविभक्त हिस्सा विकत घेऊन घरात पाय ठेवण्याचा प्रयत्न काही खरेदीदार करतात. कायद्याने याला दोन अडसर घातले आहेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ प्रमाणे, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या त्रयस्थास संयुक्त ताबा मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा केला, तर वाटणी अधिनियम, १८९३ च्या कलम ४ नुसार कुटुंबातील हिस्सेदारास तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या मूल्याने परत विकत घेता येतो. ज्या आत्या वा काका त्या घरात अजून राहतात, त्यांच्यासाठी ही तरतूद छपराइतकी महत्त्वाची आहे. तथापि तिचा लाभ घेण्यासाठी पैसे उभे करावे लागतात.

दोष सांगण्याचे कर्तव्य

‘जसे आहे तसे’ या शब्दांनी विक्रेता सर्व जबाबदारीतून मुक्त होतो, हा समज चुकीचा आहे. १८८२ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला सामान्य दक्षतेने कळू शकणार नाही असा मालमत्तेतील किंवा मालकीतील महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल, तर तो उघड करणे त्याचे कर्तव्य आहे. न सांगणे कपट मानले जाते. गळके छप्पर, वाकलेली तुळई, ओल चढलेली भिंत डोळ्यांना दिसते; तेथे हे शब्द उपयोगी पडतात. न्यायालयातील प्रलंबित दावा, जुने गहाण किंवा नातेवाइकाला पूर्वी करून दिलेले साठेखत यांवर मात्र ते पांघरूण घालू शकत नाहीत. अमेरिकेत जुनी घरे याच पद्धतीने झटपट विकत घेणाऱ्या कंपन्या आहेत आणि तेथेही अनेक राज्यांत दोष जाहीर करण्याचे कायदे आहेत.

दस्त, मूल्यांकन आणि कर

इसार पावती, साठेखत आणि खरेदीखत या तीन दस्तांपैकी मालकी केवळ नोंदणीकृत खरेदीखताने जाते. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोडीने मालकी मिळत नाही, हे सूरज लॅम्प प्रकरणात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. घाईत असलेल्या मालकाकडून अल्प इसारावर मुखत्यारपत्र लिहून घेऊन तेच घर पुढे दुसऱ्यास देऊ करणे, हा या व्यवहारातील ओळखीचा धोका आहे. ताब्यासह केलेल्या साठेखतावर महाराष्ट्रात खरेदीखताप्रमाणेच मुद्रांक शुल्क लागते.

शुल्काची आकारणी करारातील किंमत आणि वार्षिक दरमूल्य तक्त्यानुसार येणारे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर होते. भाडेकरूव्याप्त किंवा जीर्ण घराची खरी किंमत बरेचदा तक्त्याहून कमी असते. आयकर कायदाही फरक दहा टक्क्यांहून जास्त असल्यास तक्त्याचेच मूल्य विक्रीची किंमत मानतो, म्हणजे हाती न आलेल्या रकमेवर कर भरावा लागतो. यावर दोन उपाय आहेत. भाडेकरू आणि घसारा यांसाठी मूल्यांकनाच्या मार्गदर्शक सूचनांत असलेल्या सवलती मागून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे दस्ताचे अभिनिर्णयन करून घेणे हा पहिला. आयकर निर्धारणाच्या वेळी मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करणे हा दुसरा. दुसरा उपाय फार थोड्या विक्रेत्यांना ठाऊक असतो.

घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यास त्या दिवशीचे बाजारमूल्य खरेदीमूल्य म्हणून धरता येते. किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापून भरतो. अनिवासी वारसाच्या हिश्श्याला ही एक टक्क्याची तरतूद लागू नसून त्याच्यासाठी कपातीचे दर बरेच जास्त आहेत.

ग्रामपंचायत काळातील घरे

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेतील २७ गावे १९८३ मध्ये समाविष्ट झाली, २००२ मध्ये वगळली गेली आणि १ जून २०१५ पासून पुन्हा आली. या गावांतील घरे अनेकदा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवर विकली जातात. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा किंवा बांधकाम परवानगीचा नव्हे.

घरासोबत काय जाते

वेगळा करार नसेल तर घरासोबत दारे, खिडक्या, कुलुपे, किल्ल्या आणि कायम वापरासाठी बसवलेल्या सर्व वस्तू खरेदीदाराकडे जातात, असे १८८२ च्या अधिनियमाचे कलम ८ सांगते. वाड्यांतील सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटी यांना जुन्या लाकडाच्या बाजारात स्वतंत्र भाव असतो, आणि पाडकामाच्या ठेक्यात त्यांचीच किंमत आधी ठरते. झोपाळ्याच्या कड्या, भिंतीत बसवलेला देव्हारा किंवा दिंडी दरवाजा कुटुंबाला स्वतःकडे ठेवायचा असल्यास त्याची यादी साठेखतातच जोडावी लागते.