सावित्रीमाईंच्या पाठीवरचे लेकरू

३ जानेवारी आली की आपण क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या प्रतिमेला हार घालतो, शिक्षिका म्हणून त्यांचा गौरव करतो. तो केलाच पाहिजे. परंतु १० मार्च आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात राहतो? १८९७ साली त्या दिवशी ही माता प्लेगने गेली. रुग्णांची शुश्रूषा करता करता गेली. शिक्षिका आपल्या स्मरणात आहे, परिचारिका मात्र आपण विसरलो.

१८९६ च्या अखेरीस प्लेग पुण्यात शिरला. इंग्रज सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आणला. वकील म्हणून मी तो वाचला आहे. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. त्यात सरकारला अधिकार आहेत, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, अंमलदाराला दाव्यापासून संरक्षण आहे. आजाऱ्याच्या तोंडात पाणी कोणी घालायचे, याला मात्र एकही कलम नाही. शालेय इतिहासात रँड आला, चापेकर आले. पण हडपसरजवळ ससाणे मळ्यात सावित्रीमाईंनी डॉक्टर यशवंताच्या साथीने चालवलेला दवाखाना त्यात कुठे आहे?

हा यशवंत कोण? फुले दांपत्याला पोटचे अपत्य नव्हते. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांसाठी त्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तिथे आलेल्या काशीबाईंचे मूल त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले, शिकवले, डॉक्टर केले आणि १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीने त्याचे लग्न लावले. १८७६-७७ च्या दुष्काळात याच माउलीने भुकेल्यांच्या अन्नाची सोय पाहिली. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे तिनेच हाती धरले. तिचा सत्यधर्म हा असा होता. तो पोथीत नव्हता, आचरणात होता.

म्हणूनच वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच ती थांबली नाही. त्याला पाठीवर घेऊन तिने दवाखाना गाठला. ज्या समाजाची सावलीही चालत नव्हती, त्याचे लेकरू पाठीवर! ब्राह्मण विधवेचे मूल पोटाशी आणि महाराचे मूल पाठीशी, हे मातृत्व कोणत्या स्मृतीत बसते? त्याच संसर्गाने तिचा बळी घेतला. पुढे १९०५ मध्ये यशवंतही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेला.

तथागतांनी आनंदासह आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुऊन काढले होते. धम्मातील करुणा ती हीच. सावित्रीमाई त्याच वाटेच्या वाटसरू होत्या.

आज आपल्या वस्त्यांतील कितीतरी लेकी सिस्टर म्हणून रात्रपाळी करतात. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा १८९७ चाच कायदा पुन्हा बाहेर निघाला, त्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या. थाळी वाजवणे सोपे असते. कंत्राटी सिस्टरला वेळेवर आणि पुरेसा पगार देणे अवघड जाते. ‘सेवा’ या शब्दाआड श्रमाची चोरी होता कामा नये, हे आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

बंधू-भगिनींनो, येत्या १० मार्चला आपल्या बुद्धविहारात आरोग्य शिबिर घ्या. वस्तीतल्या सिस्टरला मानाने बोलवा आणि तिचे गाऱ्हाणेही ऐका. माईंना खरे अभिवादन तेच ठरेल.

जय भीम! जय सावित्री!