हुन्नर चारचौघांत सांगा. पण आधी कागद करा

आपल्या कारागिरांची एक जुनी सवय आहे. कारखान्यात कोणी अनोळखी पाहुणा आला की उस्ताद हातातले काम थांबवतो, रंगाच्या भांड्यावर फडके टाकतो आणि चहा मागवतो. पाहुणा गेला की काम पुन्हा सुरू. "कशाला दाखवायचे? उद्या हाच शेजारी दुकान थाटेल," असे त्याचे म्हणणे असते. या सवयीला आम्ही नावे ठेवत नाही, कारण अनेकांनी पोळल्यावरच ती लावून घेतली आहे. पण या गप्प बसण्यात आपला फायदा किती आणि तोटा किती, याचा हिशेब कधीतरी मांडला पाहिजे. या लेखात आम्ही तोच मांडत आहोत.

विषय आता घेण्याचे कारण असे. गेल्या काही वर्षांत शहरोशहरी आणि कॉलेजांमधून 'टेडएक्स' नावाचे व्याख्यानांचे कार्यक्रम होऊ लागले आहेत. तेथे मोठ्या विद्वानांबरोबर साधे धंदेवाईकही बोलतात. मुंबईच्या डबेवाल्यांच्या कामाची पद्धत या व्यासपीठावरून सांगितली गेली आहे. उद्या आपल्यापैकी एखाद्याला असे आमंत्रण आले तर काय करावे, हे आधीच माहीत असलेले बरे.

हे 'टेडएक्स' काय आहे?

अमेरिकेत १९८४ साली रिचर्ड सॉल वुर्मन या गृहस्थांनी 'टेड' नावाची परिषद भरवली. तंत्रज्ञान, मनोरंजन आणि रचना या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. २००१ पासून हे काम क्रिस अँडरसन यांच्या ना-नफा संस्थेकडे गेले. अँडरसन यांचा जन्म पाकिस्तानातला आणि शाळा मसुरीची. २००६ पासून ही भाषणे इंटरनेटवर फुकट दाखवली जाऊ लागली, आणि २००९ पासून कोणत्याही गावातील लोकांना परवाना घेऊन असा कार्यक्रम स्वतः भरवण्याची मुभा मिळाली. हाच टेडएक्स.

याचे नियम व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहेत. भाषण १८ मिनिटांपेक्षा जास्त नसावे. वक्त्याला मानधन नाही. व्यासपीठावरून माल विकता येत नाही, राजकीय किंवा धार्मिक प्रचारही करता येत नाही. परवान्याला पैसे पडत नाहीत, पण परवानेदाराने टेडच्या परिषदेला स्वतः हजेरी लावलेली नसेल तर १०० पेक्षा जास्त श्रोते बोलावता येत नाहीत.

ही पद्धत आपल्या मुलखाला अगदीच नवी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केली. फरक इतकाच की, व्याख्यानमालेत बहुधा शिकलेला माणूस बोलतो आणि धंदेवाईक ऐकतो. येथे धंदेवाईकालाही बोलायला उभे करतात.

बोलल्याने काय मिळते?

सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची हकिकत घ्या. चेतना गाला सिन्हा यांनी ती २०१८ मध्ये टेडच्या व्यासपीठावर सांगितली. रस्त्याकडेला राहून वेल्डिंग करणाऱ्या एका भगिनीला पावसाळ्यापूर्वी प्लास्टिकचे कापड घेण्यासाठी थोडेथोडे पैसे साठवायचे होते, पण इतक्या लहान रकमेचे खाते कोणतीही बँक उघडीना. त्यातून स्त्रियांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण अर्जदार स्त्रियांना लिहितावाचता येत नव्हते. तेव्हा त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या की, कोणत्याही रकमेचे व्याज आम्हाला तोंडी विचारा आणि तुमच्या माणसांना ते यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. या हकिकतीत मालाची जाहिरात एका शब्दाचीही नाही. तरी ती ऐकणाऱ्याचा त्या बँकेवर विश्वास बसतो. व्यापारात विश्वासापेक्षा मोठे भांडवल कोणते?

दुसरे उदाहरण आपल्याच कारागिराचे आहे. कच्छमधील इस्माईल महंमद खत्री हे अजरख छपाईचे नामांकित उस्ताद. अजरखमध्ये कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग करतात, तुरटी आणि मंजिष्ठेने लाल आणतात, निळीच्या हौदात बुडवून निळा चढवतात. मध्ये कितीतरी वेळा धुणे आणि वाळवणे. एवढे सगळे खत्री मंडळींनी देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना आणि पाहुण्यांना मोकळेपणाने दाखवले. २००३ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर शहरातील डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने इस्माईलभाईंना मानद डॉक्टरेट दिली.

मग त्यांचा धंदा चोरीला गेला का? नाही. कारण कृती ऐकून हात तयार होत नाही. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले आणि रंग बिघडू लागले. तेव्हा या लोकांना चांगल्या पाण्याच्या शोधात भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवावे लागले. रंगाचे पाणी ओळखायला जेथे पिढ्या जातात, तेथे एक भाषण ऐकून कोणी उस्ताद होत नाही. उलट अस्सल अजरख कशी होते हे गिऱ्हाइकाला कळले, म्हणून गिरणीतली नक्कल आणि हातचा माल यातला फरक त्याला दिसू लागला.

भीती खोटी नाही

तरीही सगळे सांगून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांची कहाणी प्रत्येक कारागिराने ध्यानात ठेवावी. दीड एकराच्या या शेतकऱ्याला १९८३ च्या सुमारास भाताच्या पिकात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून, वर्षानुवर्षे पेरून एक बारीक आणि चवदार वाण तयार केले. त्या काळात एचएमटी घड्याळाचे वेड होते, म्हणून वाणाला नाव पडले एचएमटी. बियाणे त्यांनी मागेल त्याला दिले. पुढे १९९४ मध्ये एका कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये त्यात सुधारणा केल्याचे सांगून आपल्या नावाने वाण बाजारात आणले. ज्याने वाण शोधले त्याचे नाव मागे राहिले. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला, पण घरची ओढाताण सुटली नाही. २०१८ मध्ये ते वारले.

दादाजी बोलले आणि दिले, ही त्यांची चूक नव्हती. देताना हातात कागद नव्हता, ही अडचण होती. शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदाच मुळी २००१ मध्ये आला. आज तो कायदा आहे. कारागिरासाठीही कायदे आहेत. फक्त ते वापरण्याचा क्रम चुकता कामा नये.

आधी अर्ज, मग भाषण

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. आपल्याकडील पेटंट कायदा १९७० चा आहे. त्यानुसार पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो, आणि नवा म्हणजे अर्जाच्या दिवसापर्यंत जगात कोठेही जाहीर न झालेला. काही मोजके अपवाद सोडले तर, तुम्ही स्वतःच व्यासपीठावर यंत्राची रचना सांगितली की तो शोध जुना ठरतो. मग पेटंट तुम्हालाही मिळत नाही. पूर्वी सभेतले बोलणे सभेतच राहत असे. आता भाषणाची फीत जगभर दिसते. म्हणून क्रम असा ठेवावा.

पहिले, नवे यंत्र किंवा नवी प्रक्रिया असेल तर पेटंटचा तात्पुरता अर्ज आधी भरावा. एकट्या माणसाने ऑनलाइन अर्ज केल्यास सरकारी फी १६०० रुपये आहे. त्यानंतर संपूर्ण माहितीचा अर्ज देण्यासाठी १२ महिने मिळतात. पुढील तपासणीची फी आणि वकिलाचा खर्च वेगळा. पेटंट मिळाल्यास ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालते.

दुसरे, नवा आकार, नवी नक्षी किंवा ठशाचे नवे चित्र असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी. हे संरक्षण १० वर्षांचे असून आणखी ५ वर्षे वाढवता येते. येथेही नियम तोच. प्रदर्शनात किंवा भाषणात दाखवण्यापूर्वी अर्ज गेला पाहिजे.

तिसरे, मालाला स्वतःचे नाव द्यावे आणि ट्रेडमार्क करावा. गुजरातमधील वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती कुंभारकाम करीत. २००१ च्या भूकंपात त्यांची भांडी फुटली आणि वर्तमानपत्रात फुटक्या माठाचा फोटो 'गरिबांचा फ्रीज फुटला' अशा अर्थाच्या ओळीसह छापून आला. त्या शब्दांवरून त्यांना विजेशिवाय चालणाऱ्या मातीच्या फ्रीजची कल्पना सुचली. वर पाणी भरायचे, ते मातीतून झिरपून सुकते आणि आतला कप्पा थंड राहतो. ही युक्ती आता लाखो लोकांना माहीत आहे, पण 'मिट्टीकूल' हे नाव मनसुखभाईंचेच आहे आणि गिऱ्हाईक त्याच नावाने माल मागते.

चौथे, वडिलोपार्जित हुन्नरावर एकट्याला पेटंट मिळत नाही. पारंपरिक ज्ञान कायद्याने वगळले आहे. त्यासाठी भौगोलिक मानांकन आहे आणि ते साऱ्या बिरादरीचे असते. मिरजेचे उदाहरण घ्या. तेथील शिकलगार मंडळी पूर्वी हत्यारांना धार आणि पाणी देत. हत्यारांचे काम घटले तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्याने तंतुवाद्ये दुरुस्त करता करता सतार आणि तंबोरा घडवायला सुरुवात केली. पंढरपूर भागातील भोपळ्यांपासून घडलेल्या या वाद्यांनी मिरजेचे नाव देशभर नेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकन मिळाले. पण येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मानांकन गावाला मिळाले म्हणून प्रत्येक कारागिराला आपोआप हक्क मिळत नाही. त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. या नोंदीची फी २०२० पासून फक्त १० रुपये आहे. इतक्या स्वस्त हक्कासाठी अर्ज करायचा राहिला, तर दोष दुसऱ्या कोणाला देणार?

पेटंट, डिझाइन आणि ट्रेडमार्कची चौकशी मुंबईत अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात करता येते. मानांकनाचे कार्यालय चेन्नईला आहे.

मधमाशीचा कित्ता

गरीब कारागिराने एवढी खटपट कशी करावी, असा प्रश्न येईल. अहमदाबादचे प्रा. अनिल गुप्ता यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी 'हनी बी नेटवर्क', म्हणजे मधमाशीचे जाळे, उभे केले. मधमाशी फुलातून मध घेते, पण फूल गरीब होत नाही. उलट एका फुलाचे पराग दुसऱ्याकडे पोचतात. तसे लोकांचे ज्ञान घ्यायचे, पण त्यांच्या नावासकट, आणि ते त्यांच्याच भाषेत परत पोचवायचे, हे या जाळ्याचे तत्त्व. १९९८ पासून ही मंडळी शोधयात्रा काढतात. गावोगाव पायी जातात आणि पारावर सभा भरवून तेथल्या कारागिरालाच बोलायला लावतात. २००० मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याने गुजरातेत राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थापन केले. शिक्षणाचे पाठबळ नसलेल्या कल्पक माणसांना ते पेटंटच्या कामात मदत करते. आपल्यापैकी कोणी नवे यंत्र बनवले असेल तर भाषणाआधी तेथे पत्र टाकावे.

उभे राहताना

बोलण्याचे आमंत्रण आले तर आमचे सांगणे एवढेच. एकच गोष्ट सांगा. अडचण काय होती, किती वेळा चुकले, शेवटी कसे जमले, हा क्रम ठेवा. हातचा नमुना बरोबर न्या. कोणत्या भाषेत बोलता येईल ते आधी विचारा. घरच्या भाषेत बोलणारा माणूस अडखळत नाही. किंमत आणि पत्ता व्यासपीठावर सांगू नका, सभागृहाबाहेर कार्ड द्या. वजनमापाची नेमकी कृती, मालाचा पुरवठादार आणि गिऱ्हाइकांची नावे ही घरची तिजोरी आहे, ती उघडू नका. भाषणाची फीत दाखवण्यासाठी संयोजक लेखी संमती घेतात. तो कागद जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

आणि आमंत्रणाची वाट कशाला पाहायची? टेडएक्सचे नाव लावायचे नसेल तर परवान्याचीही गरज नाही. आपल्या मोहल्ल्यात शाळेचा हॉल आहे, जमातखाना आहे. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवावी. एक शिंपी, एक मिस्त्री, एक व्यापारी यांनी प्रत्येकी १८ मिनिटे बोलावे आणि पुढच्या बाकावर आपली मुले बसवावीत. आपली पोरे बापाचा धंदा का सोडतात, याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. कमाई कमी हे एक कारण आहेच. पण ज्या कामाबद्दल घराबाहेर कोणी कधी चार चांगले शब्द बोलत नाही, त्या कामाचा अभिमान मुलाला कोठून वाटणार?

बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची आपल्याकडे म्हण आहे. पडून राहिलेले गहू निदान खाता तरी येतात. उस्तादाबरोबर गेलेला हुन्नर मात्र कोणाच्याच कामाला येत नाही. तेव्हा भांड्यावरचे फडके काढा. फक्त काढण्याआधी अर्जाची पावती खिशात असू द्या.