खटका वारंवार का पडतो?

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तथापि एका माजी विद्यार्थ्याच्या घरी पाहिलेल्या करपलेल्या तारेने आम्हांस हा विषय अभ्यासावयास लावले. त्या घरातील १६ अँपिअरचा एमसीबी वारंवार पडत असे. कंटाळून त्याजागी ३२ अँपिअरचा बसविण्यात आला. खटका पडणे थांबले. परंतु भिंतीतील तारेचे आवरण वितळू लागले. जळका वास वेळीच आला, म्हणूनच अनर्थ टळला.

एमसीबी उपकरणांसाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचे मुख्य कार्य तारेचे रक्षण करणे हे होय. भार वाढला की त्यातील दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. शॉर्टसर्किट झाल्यास चुंबकीय गुंडाळी क्षणार्धात प्रवाह तोडते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते.

म्हणून निवडीचा नियम असा : एमसीबीचा आकडा नेहमीच्या भारापेक्षा कमी नसावा आणि तारेच्या क्षमतेपेक्षा अधिक नसावा. भार काढण्यासाठी वॅटला २३० ने भागावे. २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो. त्याच तारेवर तितक्याच वॅटची इंडक्शन शेगडी व हीटर एकाच वेळी चालविल्यास भार २६ अँपिअर होतो. अशा वेळी १६ चा एमसीबी पडणारच, आणि तो पडलाच पाहिजे. उपाय एकच : त्या उपकरणांसाठी स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी.

घरगुती तांब्याच्या तारेसाठी सामान्यतः दीड चौरस मिलिमीटरला ६ किंवा १०, अडीचला १६ आणि चारला २० अँपिअरचा एमसीबी वापरतात. ॲल्युमिनिअमची तार असल्यास किंवा एकाच पाइपात अनेक तारा असल्यास क्षमता घटते. तेव्हा निर्णय परवानाधारक वायरमनकडूनच घ्यावा.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. माणसाला बसणारा विजेचा धक्का एमसीबी रोखू शकत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि उत्तम अर्थिंग हवे.

माजी विद्यार्थ्यांनो, पालकहो, आज घरी गेल्यावर एमसीबीवरील आकडा वाचा आणि त्यामागे कोणती तार आहे, हे वायरमनला अवश्य विचारा. त्या भिंतीच्या आड आपली मुले निजतात.