दहावीच्या मार्कशीटवर गाण्याचे 15 गुण कसे येतात? आणि ते नेमके कोणाला मिळतात?

दहावीचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर दरवर्षी एक स्क्रीनशॉट फिरतो. मार्कशीटवर थेट 100 टक्के. त्याखाली हमखास एक कमेंट असते, "मराठीत, इंग्रजीत पैकीच्या पैकी कसे पडतात बुवा?"

बहुतेक वेळा ते पडलेले नसतात. बाकीचे गुण खेळ, चित्रकला किंवा गाण्यातून आलेले असतात. 2025 मध्ये राज्यातल्या 211 विद्यार्थ्यांना दहावीला 100 टक्के मिळाले. त्यातले 113 एकट्या लातूर विभागाचे होते आणि 40 छत्रपती संभाजीनगर विभागाचे. म्हणजे आपला विभाग राज्यात दुसरा होता. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली असे पाच जिल्हे या विभागात येतात.

सिडकोपासून औरंगपुऱ्यापर्यंत गाण्याचे, तबल्याचे, कथ्थकचे क्लास भरतात. तिथं नाव घालायला आलेल्या पालकांचा एक प्रश्न आता ठरलेला असतो, "दहावीपर्यंत किती परीक्षा होतील?" हा प्रश्न कुठून आला आणि त्याचं खरं उत्तर काय, ते नीट समजून घेऊया.

नियम काय आहे?

राज्य मंडळाच्या दहावीत शास्त्रीय गायन, वादन आणि नृत्य शिकणाऱ्यांना सवलतीचे वाढीव गुण मिळतात. हिशोब असा आहे :

- मान्यताप्राप्त संस्थेच्या 3 परीक्षा उत्तीर्ण : 10 गुण
- 5 परीक्षा उत्तीर्ण : 15 गुण
- चित्रकलेची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा : ए ग्रेडला 7, बी ग्रेडला 5, सी ग्रेडला 3 गुण
- लोककला : 50 प्रयोगांत सहभाग असेल तर 10 गुण, 25 प्रयोगांत असेल तर 5 गुण

आता याचा टक्क्यांवर काय परिणाम होतो ते बघा. दहावीची टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने, म्हणजे 500 पैकी काढतात. एखाद्या मुलीला 462 गुण असतील तर तिचे होतात 92.4 टक्के. गाण्याचे 15 मिळवले की 477, म्हणजे 95.4 टक्के. सरळ 3 टक्क्यांची उडी. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन गुणवत्ता यादीनं होऊ लागले आहेत. जिथं दशांशावर कॉलेज बदलतं, तिथं 3 टक्के म्हणजे खूप झाले.

यावर वादही झाला आहे. 2017 च्या निकालात 193 विद्यार्थ्यांना 100 टक्के पडले, तेव्हा टीका झाली की ही गुणांची खैरात आहे. त्यानंतर सरकारनं वाढीव गुणांचं प्रमाण कमी केलं आणि आजचा 10 आणि 15 चा हिशोब आला.

'मान्यताप्राप्त' म्हणजे कोणती परीक्षा?

इथं बऱ्याच पालकांचा गोंधळ होतो. क्लासच्या वार्षिक स्पर्धेचं सर्टिफिकेट, टीव्हीवरच्या शोची ऑडिशन, यूट्यूबवरचे व्ह्यूज यातलं काहीच चालत नाही. गिटारवर हिंदी गाणी येतात, तेही चालत नाही. नियमातला महत्त्वाचा शब्द 'शास्त्रीय' आहे आणि परीक्षा घेणारी संस्था सरकारच्या यादीत असावी लागते.

महाराष्ट्रात सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तोवर गाणं शिकायचं म्हणजे उस्तादांच्या किंवा बुवांच्या घरी राहून, वर्षानुवर्षं सेवा करून शिकायचं. पलुस्करांनी त्याला वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा दिली. 1931 मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापन केलं.

मंडळाच्या परीक्षांची शिडी अशी आहे : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि अलंकार. पहिल्या तीन पायऱ्या म्हणजे 10 गुण, पाचवी पायरी मध्यमा पूर्ण म्हणजे 15 गुण. वर्षाला एक परीक्षा धरली तर पाच परीक्षांना पाच वर्षं लागतात. म्हणजे पाचवी-सहावीत सुरुवात करावी लागते. नववीत जाग आली तर हा रस्ता जवळपास बंद झालेला असतो.

त्या परीक्षेत असतं काय?

सुरुवातीच्या परीक्षा तोंडी आणि प्रात्यक्षिक असतात, प्रवेशिका पूर्णपासून लेखी पेपर येतो. परीक्षकासमोर बसून राग गायचा, हातावर टाळी आणि खाली दाखवत ताल म्हणायचा. तीनतालाच्या 16 मात्रा, एकतालाच्या 12, झपतालाच्या 10, केरव्याच्या 8, दादऱ्याच्या 6.

राग म्हणजे चाल नव्हे, हे पोरांना इथं पहिल्यांदा कळतं. भूप रागात मध्यम आणि निषाद नाहीत, दुर्गामध्ये गंधार आणि निषाद नाहीत. दोन्हीकडे पाचच स्वर, पण एक स्वर बदलला की सगळा रंग बदलतो. हे पाठ करून जमत नाही, कानाला कळावं लागतं.

लेखी पेपरात वादी-संवादी, आरोह-अवरोह, थाट आणि बंदिशीचं स्वरलेखन येतं. सगळे राग दहा थाटांत बसवणारी पद्धत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. आज देशभर शिकवली जाणारी ही पद्धत मांडणारा त्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा ग्रंथ मुळात मराठीत लिहिला गेला.

मग शाळेत संगीत शिकवतच नाहीत का?

कागदावर शिकवतात. राज्य मंडळाच्या नववी-दहावीत 'स्वविकास व कलारसास्वाद' हा विषय आहे. पण तो श्रेणी विषय. त्यात ए, बी, सी अशी श्रेणी मिळते, टक्केवारीत तो मोजला जात नाही. जे मोजलं जात नाही, त्याचा तास गणिताच्या सरांकडे जातो, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

शिक्षक हा दुसरा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. पण 'कला'मध्ये चित्रकला, संगीत, नृत्य, नाट्य सगळंच आलं. एक माणूस नेमला तरी तो बहुधा एकाच कलेचा असणार. गॅदरिंगचं समूहगान आणि 15 ऑगस्टची देशभक्तीपर गीतं यापलीकडे अनेक शाळांतलं संगीत जात नाही.

सीबीएसईमध्ये चित्र थोडं वेगळं आहे. तिथं हिंदुस्थानी गायन, स्वरवाद्य आणि तालवाद्य हे स्वतंत्र विषय म्हणून उपलब्ध आहेत, पण शाळेनं ते शिकवायला घेतले तरच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 'अभ्यासाचे विषय' आणि 'अभ्यासेतर' ही भिंत पाडायला सांगितलं आहे. एनसीईआरटीनं 2024 मध्ये सहावीसाठी 'कृति' नावाचं कलेचं पाठ्यपुस्तक आणलं आणि त्यात संगीतही आहे. पुस्तक आलं, पण शिकवणारा माणूस आल्याशिवाय स्वर लागत नाही.

थोडं मागे जाऊ, देवगिरीपर्यंत

संगीत हा 'साइड' विषय मानणाऱ्या या शहराजवळच भारतीय संगीतातला एक पायाभूत ग्रंथ लिहिला गेला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राजवटीत, सिंघण राजाच्या काळात शार्ङ्गदेवानं 'संगीत रत्नाकर' लिहिला. सात अध्यायांचा हा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही परंपरा आपला मानतात. गायन, वादन आणि नर्तन तिन्ही मिळून संगीत, ही व्याख्या त्यानं मांडली. गंमत म्हणजे शार्ङ्गदेव दरबारात हिशोब खात्याचा अधिकारी होता. म्हणजे 'आधी करिअर की आधी गाणं' हा प्रश्न तेव्हाही कोणीतरी सोडवला होता.

शहरालगतच्या औरंगाबाद लेण्यांत सातव्या लेण्यात नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रियांचं शिल्प आहे. आणि एमजीएम परिसरातली 'महागामी' ही संस्था दरवर्षी 'शार्ङ्गदेव समारोह' भरवते.

गाणं शिकलं की गणित सुधारतं?

हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. 2004 मध्ये ग्लेन शेलेनबर्ग यांनी टोरांटोमध्ये सहा वर्षांच्या 144 मुलांवर प्रयोग केला. वर्षभर संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी 7 गुणांनी वाढला, न शिकलेल्यांचा 4.3 नं. म्हणजे फरक होता, पण छोटा. 2020 मध्ये साला आणि गोबे यांनी अशा 54 अभ्यासांची एकत्रित तपासणी केली. ज्या अभ्यासांत तुलना काटेकोर होती, तिथं हा फायदा जवळजवळ शून्यावर आला. त्यामुळे गणितासाठी मुलाला तबल्याला घालू नका. तबल्यासाठी घाला.

हे 15 गुण नेमके कोणाला मिळतात?

पाच वर्षं क्लासची फी, वाद्य, परीक्षा फी, संध्याकाळी ने-आण. हे ज्याला जमतं त्याला. कन्नड किंवा सोयगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा आवाज कितीही चांगला असला, तरी गावात शिकवणारं कोणी नसेल तर हे गुण तिच्यासाठी नाहीतच.

लोककलेचा रस्ता त्यासाठीच ठेवला आहे. पैठण हे भारूड लिहिणाऱ्या संत एकनाथांचं गाव. मराठवाड्यात गोंधळ, पोवाडा, भारूड घरातून शिकलेली मुलं आजही आहेत. पण हिशोब परत बघा. पाच परीक्षा दिल्या तर 15 गुण, रात्र रात्र जागून 50 प्रयोग केले तरी 10. त्यात प्रत्येक प्रयोगाचा कागदोपत्री पुरावा गोळा करायचा. कलेला गुण देताना तिच्यातही आपण वरची-खालची रांग लावली आहे.

आणि दहावीनंतर काय? बारावीच्या विषययादीत शास्त्रीय गायन, सुगम गायन, वादन आणि भारतीय संगीताचा इतिहास असे विषय आहेत. पण ते शिकवणारं कॉलेज शोधावं लागतं. अकरावीला सायन्स घेतलं, जेईई-नीटचा क्लास लागला की हार्मोनियमवर कापड पडतं. अनेकांची शिडी बरोबर पाचव्या पायरीवर थांबते, कारण सहाव्या पायरीला गुण नाहीत.

तुमच्या घरी दहावीत जाणारं मूल असेल तर

- क्लास लावतानाच विचारा : परीक्षा कोणत्या संस्थेची आणि ती सरकारच्या यादीत आहे का?
- सगळी मूळ प्रमाणपत्रं जपून ठेवा. नावाचं स्पेलिंग शाळेच्या नोंदीशी जुळतं का, ते आधीच बघा.
- प्रस्ताव शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो. त्यामुळे दहावी सुरू होताच शाळेत विचारा आणि त्या वर्षीचं परिपत्रक वाचा. तारीख चुकली तर पाच वर्षांची मेहनत मार्कशीटवर येत नाही.
- मुलाला ऐकायला न्या. सोनेरी महालातला वेरूळ-अजिंठा महोत्सव असो की गावातलं भजन, कान तिथंच तयार होतो.

15 गुणांच्या निमित्तानं का होईना, हजारो घरांत तानपुऱ्याचं ॲप सुरू झालं हे चांगलंच आहे. पण क्लासच्या दारात 'किती परीक्षा होतील' याबरोबर आणखी एक प्रश्न मुलालाच विचारायला हवा, "तुला यात मजा येते का?" दहावीनंतर गाणं टिकेल की नाही, ते याच उत्तरावर ठरतं.